८३, ६८ आणि ४९

नवा जपानी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन लांबलचक गोष्ट खेळायचा व्हिडिओ गेम, यायचा असला की तो बाजारात येण्याआधीच, ठरवून दिलेल्या तासाला, जगभरचे रिव्ह्यू एकदम बाहेर पडतात. त्या दिवशी माझ्या भाच्याचा फोन ठरलेला. जून २०२३ मध्ये फायनल फँटसी १६ च्या वेळी फोनवर तो फक्त “मामा, ८७” एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. रिव्ह्यूंची सरासरी शंभरात ८७ म्हणजे आमच्या काळी पेढे वाटले असते. त्याच्या हिशेबात मात्र नव्वदीच्या आत आलं की ‘संमिश्र प्रतिसाद’, आणि संमिश्र म्हणजे जवळपास नापास. पुढचे पंधरा दिवस त्याच्या मित्रांत जुंपली होती. एका बाजूचं म्हणणं, समीक्षकांना जपानी गेम कळत नाहीत, ते घाईत खेळतात आणि अमेरिकी चष्म्यातून बघतात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आकडा बोलतो, मालिका संपली, पाच हजार रुपये वाचवा. तोवर दोन्ही बाजूंपैकी कुणीही गेम खेळलेला नव्हता, आणि याची अडचण कुणालाच वाटत नव्हती.

मला हा वादच चुकीच्या पायावर उभा वाटतो. समीक्षक एकीकडे आणि चाहते दुसरीकडे असं हे भांडण दिसतं खरं, पण दोन्ही पक्ष एकाच देवाचे भक्त आहेत, आणि तो देव म्हणजे सरासरी. एक पक्ष त्याला कौल लावतो, दुसरा कौल उलटा पडला म्हणून शिव्या घालतो. एका गेमला सगळ्यांनी दहापैकी सात दिले, आणि दुसऱ्याला निम्म्यांनी नऊ व निम्म्यांनी पाच दिले, तर सरासरी दोघांचीही सातच येते. पण हे दोन गेम एकमेकांचे कुणी लागत नाहीत. पहिल्यात कुणाला खुपेल असं काही नाही. दुसऱ्याने काहीतरी ठाम ठरवलंय, ते काहींना भावलंय आणि काहींच्या डोक्यात गेलंय. अशा गेमबद्दल कुठली माहिती सगळ्यात कामाची, तर लोकांचं नेमकं कशावरून बिनसलं ही. सरासरी काढताना आधी तीच पुसली जाते.

२०१० सालच घ्या. स्क्वेअर एनिक्स या एकाच जपानी कंपनीचे तीन मोठे रोल-प्लेइंग गेम त्या वर्षी पाश्चात्त्य बाजारात आले. मार्चमध्ये फायनल फँटसी १३, एप्रिलमध्ये निअर, आणि ३० सप्टेंबरला इंटरनेटवर हजारो लोकांनी मिळून खेळायचा फायनल फँटसी १४. मेटाक्रिटिक या रिव्ह्यूंची सरासरी काढणाऱ्या साइटवर पहिल्या दोघांच्या प्लेस्टेशन आवृत्त्यांना ८३ आणि ६८ मिळाले, तिसऱ्याला कॉम्प्युटरवर ४९. गुणपत्रिका म्हणून बघितलं तर एक पहिल्या वर्गात पास, एक जेमतेम आणि एक नापास. आज हे तिघं कुठे आहेत? ८३ वाल्यावरून लोक अजून हमरीतुमरीवर येतात. ६८ वाल्याचे चाहते त्याचं नाव हळव्या आवाजात घेतात. आणि ४९ वाला बंद पडला, पुन्हा उभा राहिला आणि कंपनीला वर्षानुवर्षं पोसणारा गेम झाला. त्या तीन आकड्यांत यातलं काय दिसलं होतं?

आधी फायनल फँटसी १३. जपानमध्ये तो डिसेंबर २००९ मध्ये आला. तिथल्या फामित्सू साप्ताहिकाची पद्धत अशी की चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी होते. त्यांनी ३९ दिले. ब्रिटनच्या एज मासिकाने दहापैकी ५ दिले. सर्वसाधारण तक्रार एकच होती, की हा गेम म्हणजे एक लांबलचक बोळ आहे. तक्रार खोटी नाही. कोपऱ्यातला नकाशा उघडून बघितला तर खरोखर एक नळी दिसते. तुम्ही पुढे चालता, शत्रू येतात, लढता, पुढे चालता. गावं जवळजवळ नाहीतच. दुकानदारसुद्धा नाही, जिथे गेम सेव्ह करायचा त्याच यंत्रावर खरेदीची यादी उघडते. अकराव्या प्रकरणात ग्रॅन पल्स नावाचं विस्तीर्ण माळरान लागतं आणि तिथे पहिल्यांदा हवं तिकडे भटकता येतं. तोवर वीस-पंचवीस तास गेलेले असतात. ज्याला ऑफिसातून आल्यावर, जेवणं उरकून, रात्री एक तास मिळतो त्याचे तीन आठवडे. “थांब रे, वीस तासांनी मजा येते” हे चाहत्यांचं उत्तर अशा माणसाला देणं म्हणजे त्याची थट्टा आहे. समीक्षकांची बाजू इथे भक्कम आहे, हे आधीच मान्य करून टाकतो.

पण हाच बोळ दुसऱ्या बाजूने बघा. कथेतले सहाही जण फरारी आहेत. ज्या तरंगत्या जगात त्यांच्यातले बहुतेक वाढले त्यानेच त्यांना शत्रू ठरवलंय. मागे सैन्य लागलंय. अशा माणसांनी रमतगमत कुणाची हरवलेली मांजर शोधून द्यायची का? त्यांना पुढे पळण्याखेरीज मार्गच नाही, म्हणून खेळणाऱ्यालाही नाही. म्हणूनच ग्रॅन पल्सवर आल्यावर श्वास मोकळा होतो. समोर डोंगराएवढी कासवासारखी जनावरं चालत असतात, एकेका पावलाने जमीन हादरते, आणि आपण त्यांच्या नखापेक्षा थोडे मोठे. वीस तास कोंडून ठेवलं नसतं तर त्या माळाला काय किंमत होती? दिग्दर्शक मोतोमू तोरियामा यांचा तेव्हाचा युक्तिवादही याच अंगाचा होता, की फार मोकळीक दिली की कथेची पकड सुटते. त्यांचा प्रत्येक निर्णय मला पटतो असं नाही. बोळातल्या मधल्या काही तासांना कात्री लावली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण बोळ हा आळशीपणा होता की हेतू, हा खरा वादाचा प्रश्न आहे. फामित्सूचे ३९ आणि एजचे ५ हे त्या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. ८३ हे कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही.

इथे चाहत्यांचं लाडकं शस्त्र बाहेर येतं. बघा, जपान्यांना कळला, गोऱ्यांना कळला नाही. या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि ते झटकून टाकू नये. त्या काळात ‘जेआरपीजी’, म्हणजे जपानी रोल-प्लेइंग गेम, हा शब्द बऱ्याचदा नाक मुरडूनच उच्चारला जायचा. चमत्कारिक केस, रडकी पोरं, त्याच त्या लढाया, असा सगळा अर्थ त्या चार अक्षरांत कोंबलेला असे. फायनल फँटसी १६ चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये सांगितलं, की हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा काही जपानी गेम बनवणाऱ्यांना तो हिणवणारा वाटला होता, जणू त्यांना वेगळ्या पंगतीला बसवलंय. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तरीही ‘त्यांना कळत नाही’ हे उत्तर पुरत नाही. एक तर त्याच पाश्चात्त्य समीक्षकांनी २०१७ मध्ये पर्सोना ५ डोक्यावर घेतला, आणि तो तर टोकियोतल्या शाळकरी मुलांच्या आयुष्यात नखशिखांत बुडालेला गेम आहे. दुसरं म्हणजे जपानी लोकांना १३ ‘कळला’ असेल तर त्यांनी पुढे काय केलं? १३ जपानमध्ये पहिल्या आठवड्यात पंधरा लाखांहून जास्त खपला. दोन वर्षांनी त्याचा पुढचा भाग आला. त्याला फामित्सूने चाळीसपैकी चाळीस दिले, आणि पहिल्या आठवड्याचा खप सव्वापाच लाखांच्या आसपास अडकला. २०१३ च्या तिसऱ्या भागाला तीन लाखही गाठता आले नाहीत. एवढी घसरण कुणा गोऱ्या समीक्षकाने घडवलेली नव्हती. तिथलाच खेळणारा एकदा रांगेत उभा राहिला आणि दुसऱ्यांदा घरी बसला. जपानबद्दल आपण फार लवकर एकवचनात बोलतो. दिग्दर्शक कुरोसावांचा ‘राशोमोन’ हा चित्रपट १९५० मध्ये मायदेशी आला तेव्हा तिथली दाद बेताचीच होती, ज्या कंपनीने तो काढला तिच्या प्रमुखालाही तो रुचला नव्हता. १९५१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवाने त्याला सुवर्णसिंह दिला. तेव्हा कुणाला कळला आणि कुणाला नाही? देशाच्या नावावर अशी वाटणी बसत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. पन्नास-साठ तासांचा गेम समीक्षकाच्या हातात आठवडाभर, कधी त्याहून कमी. निअरइतकी याची किंमत क्वचितच कुणी मोजली असेल. योको तारो या दिग्दर्शकाचा हा गेम. वरवर बघता एक बाप आजारी मुलीसाठी औषध शोधत हिंडतो, वाटेत काळ्या सावल्यांसारखे राक्षस कापत जातो. चित्रं ओबडधोबड, हेलपाटे घालायला लावणारी कामं शेकड्याने. सुरुवातीलाच समुद्रकिनाऱ्यावर मासे पकडायचं एक काम आहे. एका समीक्षकाने तिथेच हात टेकले आणि तसा रिव्ह्यूही लिहिला. पुढे निघालं की तो भलत्याच जागी गळ टाकून बसला होता. योग्य जागा नकाशावर खुणेने दाखवलेली होती. चाहते हा किस्सा आजही चवीने सांगतात. मी जरा समीक्षकाची बाजू घेतो. ती खूण माझ्याही नजरेतून दोनदा निसटली होती, आणि मला तर कुणाला लेख द्यायचा नव्हता.

मासेमारी सोडा, खरी गोष्ट पुढे आहे. निअर एकदा संपवून पुन्हा सुरू केला की त्या काळ्या सावल्यांचं बोलणं समजायला लागतं. पहिल्या खेपेला जो नुसता घशातला घरघर आवाज होता, त्यात आता वाक्यं आहेत. ते घाबरलेले आहेत, एकमेकांना हाका मारतायत. तुम्ही त्याच तलवारीने, त्याच क्रमाने त्यांना पुन्हा मारता, फक्त आता काय करतोय ते माहीत असतं. एकदाच खेळून रिव्ह्यू लिहिणाऱ्याने निम्मा गेम बघितलाच नव्हता. त्याचा हा गुन्हा होता का? मला नाही वाटत. एकदा नीट खेळल्यावर मत बनवायचा हक्क कुणालाही आहे, आणि ज्या लेखकाने आपला हुकमाचा पत्ता दुसऱ्या खेपेपर्यंत दाबून ठेवला त्यानेही ही जोखीम डोळे उघडे ठेवूनच घेतली असणार. ६८ हा त्या जोखमीचा हिशेब होता. गेम बनवणारी कॅव्हिया त्याच वर्षी मूळ कंपनीत विलीन होऊन संपली. सात वर्षांनी त्याच जगातला निअर ऑटोमाटा आला, लाखोंनी खपला, आणि मग २०२१ मध्ये जुन्या निअरला नवा रंग देऊन पुन्हा बाजारात आणलं. या वेळी गुण ऐंशीच्या पलीकडे गेले. लढाई सुधारली होती, चित्रं सुधारली होती, बापाच्या जागी जपानमधल्या मूळ आवृत्तीतला भाऊ होता, हे खरं. पण गोष्ट तीच, सावल्या त्याच, आणि मासेसुद्धा तेच. बरंचसं बदललं होतं ते खेळणाऱ्यांचं कान देणं.

असंच १९९५ मध्ये अमेरिकेत अर्थबाउंडचं झालं. जपानी कॉपीरायटर शिगेसातो इतोई यांचा हा विनोदी, हळवा गेम तिथे ‘या गेमला घाण वास येतो’ अशा अर्थाच्या जाहिरातीने विकायला काढला होता. पोरकट चित्रं म्हणून तो बाजूला पडला, आणि वीस वर्षांनी त्याच्याच चाहत्यांपैकी एकाने अंडरटेल हा गाजलेला गेम बनवला. असो, अशी उदाहरणं द्यायला लागलो की माणूस ‘प्रत्येक पडलेला गेम म्हणजे न ओळखलेला हिरा’ या थापेवर येऊन पोचतो. त्या थापेसाठी तिसरा आकडा राखून ठेवलाय.

फायनल फँटसी १४ ला ४९ देणारे समीक्षक बरोबर होते. पूर्णपणे बरोबर. पडदे अडखळत होते, यादीत यादी उघडत होती, करण्यासारखं काही नव्हतं. पुढे योशिदांनी एका व्याख्यानात सांगितलेला तपशील मला विसरता येत नाही. त्या गेममधल्या एका कुंडीला एक हजार पॉलिगॉन (चित्राचा आकार घडवणारे छोटे तुकडे) आणि दीडशे ओळींचा शेडर कोड (रंग-उजेड ठरवणारा) होता, म्हणजे खेळणाऱ्याच्या आख्ख्या पात्राएवढा. कोपऱ्यातल्या कुंडीवर नायकाइतकी मेहनत, आणि त्या पायी पडद्यावर वीस माणसं जमली की सगळं गचके खात चाललंय! तेव्हाही काही चाहते म्हणत होते की समीक्षकांनी वेळ दिला नाही. कंपनी तसं म्हणाली नाही. तिने माफी मागितली, डिसेंबर २०१० मध्ये योशिदांना गेम सोपवला, नोव्हेंबर २०१२ मध्ये कथेतच आकाशातून चंद्र पाडून जुनं जग भस्म केलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवं उभं केलं. कठोर रिव्ह्यू हे गेमवरचं संकट असतं, असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. फायनल फँटसी १५ च्या तेराव्या प्रकरणावर झोड उठली तेव्हाही चार महिन्यांत दुरुस्तीचा पॅच आला आणि त्या प्रकरणात दुसरी वाट तयार झाली.

तर मग आकड्यावर एवढं चिडायचं कशाला, असं कुणी विचारेल. चिडण्याला कारण आहे. आकडा पोटावरही येतो. फॉलआउट न्यू वेगास हा अमेरिकी गेम त्याच २०१० चा. बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ आले तर बोनस ठरला होता. आले ८४. हे त्यांच्या एका सहसंस्थापकानेच नंतर सांगितलं. एका गुणासाठी बोनस जातो तिथे चाहत्यांनी आकड्याला भाव का देऊ नये, असं म्हणता येईल. पण कंपन्या सरासरीला शरण गेल्या म्हणून खेळणाऱ्यानेही जावं, हे कुठलं शास्त्र? कंपनीला करारात लिहायला एक आकडा लागतो. मला तर फक्त हा गेम मला आवडेल का एवढंच ठरवायचंय.

आणि त्यासाठी सरासरी कुचकामी आहे, हे फायनल फँटसी १६ वरूनच दाखवतो. यात तुमच्या हातात एकटा क्लाइव्ह असतो. बरोबरीचे सवंगडी आपापलं लढतात, तुमचा हुकूम फार तर कुत्र्यावर चालतो. आळीपाळीने चाल निवडायची जुनी पद्धत नाही, सगळी बोटांची चपळाई. बोटं चालत नसतील तर मदतीला अंगठ्या आहेत, एक घातली की वेळेवर चुकवणं आपोआप होतं. हे वाक्य एका रिव्ह्यूत कौतुक म्हणून येतं, दुसऱ्यात तक्रार म्हणून. माहिती एकच. ज्याला वेगवान मारामारी हवी त्याच्यासाठी तो दहापैकी नऊचा गेम आहे, ज्याला चार जणांची टोळी घेऊन डोकं लढवायचंय त्याच्यासाठी सहाचा. ८७ कुणासाठी आहे? चार भिडूंच्या कुटुंबात कुणाचा बूट सातचा, कुणाचा पाचचा, म्हणून सगळ्यांना सहाचे घेऊन यावेत तसला हा प्रकार.

याच गुणांवरून ‘टर्न-बेस्ड आता संपलं’ असे निष्कर्ष काढणारेही होते. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्समधल्या माँपेल्येच्या एका छोट्या चमूने क्लेअर ऑब्स्क्युअर आणला. आळीपाळीने लढायचं, जुन्या जपानी गेमांचं ऋण उघड मान्य करायचं, वर शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवायची चपळाईही मागायची. तीन दिवसांत दहा लाख खपला. आता हा ‘जपानी पद्धतीचा’ की नाही, यावर भाच्याच्या मित्रांत नवी जुंपली आहे. त्यात मी पडत नाही.

पैशांचा मुद्दा उरतो, आणि तो खरा आहे. नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो, विशीतल्या मुलाला तो वर्षातून दोन-तीनच घेता येतात, मग त्याने निबंध वाचत बसावं का? निबंध नको, दोनच रिव्ह्यू वाचावेत. सगळ्यात जास्त गुण देणारा एक, सगळ्यात कमी देणारा एक. दोघं ज्या एका गोष्टीवर अडून बसलेत ती शोधायची आणि आपण त्यातल्या कुणाच्या बाजूचे ते स्वतःला विचारायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे. फोनवर “मामा, ८७” म्हणून पंधरा दिवस भांडण्यापेक्षा स्वस्त.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा माझ्याकडे राहायला होता तेव्हा त्याला नवा निअर लावून दिला. किनाऱ्यावर तो वीस मिनिटं चुकीच्या जागी गळ टाकून बसला आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पुढे तो रमला, दुसरी खेप केली, सावल्या बोलायला लागल्यावर अर्धा दिवस कुणाशी धड बोलला नाही. मग तो शेवट आला, ज्यात एका व्यक्तीला वाचवायचं तर गेम तुमचं आजवरचं सगळं सेव्ह मागतो, आणि खरोखर पुसतो. पडद्यावर पुन्हा पुन्हा विचारणा होते, नक्की ना? त्याने कंट्रोलर सतरंजीवर ठेवला.

“मामा, पन्नास तास माझे आहेत. हे कुठलं डिझाइन? दहापैकी सहा.”

मी तेव्हा पुसलं होतं, आणि माझे दहापैकी नऊ याच एका पडद्याचे होते. त्याला तसं सांगितलं. तो हसला, ‘नाही’वर बोट दाबलं आणि चहा ठेवायला उठला.